आपला हात लागलेला येसर

आमच्या येसराच्या पहिल्या पुड्यावर ठळक लाल अक्षरांत छापलेलं होतं : ‘यंत्रावर तयार. हाताचा स्पर्श नाही.’ ही ओळ माझ्या नवऱ्याची. तो शाळेत विज्ञान शिकवायचा आणि स्वच्छतेबद्दल त्याची मतं फार कडक होती. छापखान्यातून पुड्यांचे गठ्ठे आले तेव्हा घरातल्या सगळ्यांनी ती ओळ कौतुकाने मोठ्यांदा वाचली. मी तर माहेरी पाठवायला चार पुडे बाजूलाच काढून ठेवले. आणि याच ओळीने आमचा धंदा बुडवत आणला होता. हे सांगायला बाहेरचं माणूस यावं लागलं. ते माणूस आलं नसतं तर आज मी काय करत असते, कुणास ठाऊक.

आधी येसराबद्दल सांगते, कारण मराठवाड्याबाहेर कितीतरी लोकांनी हे नावच ऐकलेलं नसतं. गहू, हरभऱ्याची डाळ, थोडे तांदूळ, धने, जिरे, मिरे, सुंठ, दालचिनी असं एकेक वेगळं भाजायचं, मग एकत्र दळायचं. त्या पिठाची झणझणीत आमटी करायची. आमच्याकडे घरात लग्न निघालं की पहिलं काम येसराचं. चांगला दिवस बघून पाच सवाष्णी जात्याला बसतात. जात्याला हळकुंड बांधतात, हळदीकुंकू लावतात, गाणी म्हणत दळतात. ती आमटी मांडवातल्या पंगतीला असते आणि नवरीबरोबर येसराचा एक डबा सासरीही जातो.

माझ्या सासूबाईंना, म्हणजे आत्याबाईंना, येसराचा हात होता. जुन्या जालन्यात आमचं कापडाचं दुकान, दुकानामागे घर, आणि घर आणि दुकान यांच्यामध्ये एक लांबट खोली. कुणाच्याही घरी लग्न निघालं की भाजणी करायला आत्याबाईंना बोलावणं यायचं. त्या पदर खोचून चुलीसमोर बसायच्या आणि धने किती तांबूस झाले की उतरवायचे हे नुसत्या वासावरून सांगायच्या. मोबदला म्हणून खण मिळायचा. असे किती खण त्यांच्या ट्रंकेत होते! मी टेंभुर्णीहून लग्न होऊन आले तेव्हा मला त्या ट्रंकेचं हसू यायचं. कापडाच्या दुकानदाराच्या बायकोला कापडाची काय कमी, असं मी त्यांना चिडवायची. त्या म्हणायच्या, “दुकानातलं कापड त्यांचं हाय. हे माझं हाय.”

हे वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. मुलगी पहिलीत गेली, माझा दिवस रिकामा झाला, तेव्हा मीच म्हटलं, आत्याबाई, आपण येसर विकूया. मधली खोली आम्ही मागून घेतली. एक भट्टी, एक छोटी विजेची चक्की, आणि आम्ही दोघी. घरात कुणी विरोध केला नाही. बायकांचा विरंगुळा म्हणून सगळे हसले, आणि ते हसणंच मला जास्त झोंबलं.

नव्वद सालानंतरचा तो काळ. दूरदर्शनवर मसाल्यांच्या जाहिराती सुरू झाल्या होत्या. आम्हीही तसंच करायला गेलो. चकचकीत पुडा, त्यावर लाल ओळ, आणि भोकरदनपासून टेंभुर्णीपर्यंत किराणा दुकानांत माल. पहिल्या वर्षी ओळखीच्या दुकानदारांनी भीड म्हणून ठेवला. दुसऱ्या वर्षी पुडे परत यायला लागले. एसटीच्या टपावरून गाठोडी उतरायची आणि आत्याबाई ती उघडून बघायच्या. आपलाच येसर हुंगून बघायच्या, चिमूटभर जिभेवर ठेवायच्या. “बिघडला तर न्हाई. मंग काय झालं?” मला उत्तर देता यायचं नाही, आणि उत्तर देता आलं नाही की मी चिडते. मी दुकानदारांवर चिडले, जाहिरातींवर चिडले, विकत घेत नाहीत म्हणून अख्ख्या जिल्ह्यातल्या बायकांवर चिडले.

मामंजी, म्हणजे माझे सासरे, वाईट माणूस नव्हते. पण त्यांना जागा हवी होती. तयार कपड्यांची लाट आली होती आणि त्यांना शर्ट-पँटींचे खोके ठेवायला मधली खोली पाहिजे होती. दिवाळी झाल्यावर एकदा जेवता जेवता ते शांतपणे म्हणाले, “ही लग्नसराई बघा. चाललं तर चाललं. न्हाई तर भट्टी बंद करू आन् खोली मला द्या. बराबर हाय का न्हाई?”

बराबर होतं, तेच वाईट होतं. भांडायला जागाच नव्हती. आत्याबाई ताट उचलून मोरीवर गेल्या आणि बराच वेळ ते एकच ताट घासत राहिल्या. मी मागे गेले तर म्हणाल्या, “मी परत दुसऱ्याच्या चुलीम्होरं बसायला जाईन, त्याचं काय न्हाई. पर आपली चूल झाल्ती ना गं.” त्या खोलीत माझ्या हौसेपेक्षा मोठं काहीतरी पणाला लागलंय हे मला त्या मोरीवर समजलं.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक भांड्यांचं दुकान होतं. तिथे भांड्यावर नाव कोरणारा माणूस पूर्वी मागच्या अंधाऱ्या खोपटात बसायचा. एके दिवशी पाहिलं तर तो दुकानाच्या पायरीवर, रस्त्याच्या कडेला. त्याचं यंत्र कर्रर वाजत होतं आणि भोवती हा घोळका. कुणाचं नाव, कुठलं गाव, कुणाच्या लग्नाची भांडी, लोक उभे राहून वाचत होते आणि उभे राहता राहता आत शिरत होते. मी दुकानदाराला विचारलं, ही अक्कल कुणाची? तो हसून म्हणाला, “एक बाई येतात. सल्ला देतात. फी घेतात अन् जातात.”

त्या बाई दर आठवड्याला लूनावर यायच्या. चाळिशीच्या आतबाहेर, फिकट रंगाची साडी, मनगटावर पुरुषी घड्याळ, कपाळ मोकळं. औरंगाबादला एका कंपनीच्या विक्री खात्यात बरीच वर्षं नोकरी केलेली. नवरा गेल्यावर जालन्याला भावाकडे आल्या आणि नोकरी सोडून स्वतःचं काम सुरू केलं. एका वेळी दोन-तीन दुकानं धरायची, हंगामापुरती, आणि त्यांचा माल कसा खपेल ते बघायचं. अशा कामाला आता भारी नावं आहेत. तेव्हा आमच्या गल्लीत लोक एकमेकांना विचारायचे, ही बाई विकते तरी काय?

मी त्यांना रस्त्यातच गाठलं. त्यांनी लूना बंद केली, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “मी तुमच्याकडे नोकरी करणार नाही. बुधवारी येईन, या लग्नसराईपुरती. मला जे दिसेल ते सांगेन. गोड लागेलच असं नाही.”

“तिखट आमच्या घरचंच आहे,” मी म्हटलं. त्या पहिल्यांदा हसल्या.

फी मी माझ्या भिशीतून द्यायचं ठरवलं. तरी मामंजींना कळलंच. “बोलायचा खर्चा?” ते म्हणाले. “आपल्या गल्लीत तर बिलकुल फुकट बोलतात लोक, दिवसभर.” दुकानातली माणसं खो-खो हसली. मीही हसले असते, पण तोवर माझं डोकं फिरलेलं होतं.

पहिल्या बुधवारी त्या आल्या. आत्याबाईंनी मोठ्या प्रेमाने आमटी केली होती. बाईंनी ती भाकरीबरोबर खाल्ली, वाटी पुसून घेतली, पण वाहवा केली नाही. म्हणाल्या, “चवीत काही दोष नाही. म्हणजे चवीचं काम संपलं. आता मी जरा बाहेर बसते.” आणि त्या आमच्या खोलीत बसायचं सोडून पुढे कापडाच्या दुकानात, कोपऱ्यातल्या स्टुलावर जाऊन बसल्या. अख्खी दुपार! मी आत पुडे काढून, हिशेब लावून तयार बसलेली, आणि या बाहेर कापड बघत बसल्या आहेत. संध्याकाळी त्यांनी एकच प्रश्न विचारला, “तुमच्या दुकानात बस्ता बांधायला येणारी माणसं कुठून येतात?”

बस्ता म्हणजे लग्नाची सगळी कापडखरेदी. मुलीकडचे, मुलाकडचे, आत्या, मावश्या, सगळे गाडी करून येतात, सकाळपासून संध्याकाळपर्यंत गादीवर बसतात, चहा पितात, भांडतात आणि शेवटी मोठं गाठोडं बांधून नेतात. मी तुटकपणे म्हटलं, “सगळीकडून येतात. भोकरदन, जाफराबाद, टेंभुर्णी. पण तो कापडाचा धंदा. आपला येसराचा.”

“हो का,” त्या म्हणाल्या, आणि लूना सुरू करून गेल्या. मी मनात म्हटलं, फी पाण्यात गेली.

पुढच्या बुधवारी त्यांनी मला विचारलं, जवळपास कुणाच्या घरी येसराचा मुहूर्त आहे का, मला बघायचा आहे. योगायोगाने टेंभुर्णीला माझ्या चुलत बहिणीचं लग्न निघालेलं होतं. आम्ही दोघी एसटीने गेलो. काकूंनी स्वागत केलं. मी स्वयंपाकघरात डोकावले तर फळीवर माझेच चार पुडे, मी हौसेने पाठवलेले, जसेच्या तसे. एकाचीही कड फाडलेली नाही. आणि ओसरीवर जातं मांडून बायका येसर दळताहेत! मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. घरचा माणूस माल करतो, फुकट पाठवतो, आणि या बायका तो फळीवर ठेवून घामाघूम होत दळत बसल्यात. मी तिथेच तोंड सोडणार होते. बाईंनी माझ्या दंडाला धरलं आणि हळूच म्हणाल्या, “थांबा. रागावू नका. बघा.”

त्या स्वतः दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. त्यांना कुणी जात्याशी बोलावलं नाही आणि त्याही गेल्या नाहीत. सगळ्यांना हळदीकुंकू लावत करवली फिरली ती त्यांच्यापाशी येऊन थबकली आणि नुसती हसून मागे फिरली. बाईंनीही हसून मान हलवली. त्यांच्या अंगवळणी पडलेलं असावं. मी मात्र कसनुशी झाले.

मग मी बघितलं. इतकी वर्षं मी स्वतः अशा जात्याला बसले होते, पण असं उभं राहून बघितलं नव्हतं. पाच जणींचं मुहूर्ताचं दळण झालं तरी बायका उठेनात. शेजारची आली, तिने दोन वेढे फिरवले. भांडण असलेली जाऊ आली, तिनेही खुंट्याला हात लावला आणि त्या निमित्ताने दोघी जावा बोलल्या. दळून काय निघतंय याकडे कुणाचंच फारसं लक्ष नव्हतं. प्रत्येकीला आपला हात लावायचा होता.

बाईंनी एका म्हाताऱ्या आजीला विचारलं, “आजी, हा विकतचा पुडा आहे की घरात. तो का नाही घेतला?”

आजी म्हणाली, “चांगलाच असंल की माय. येरवी खाऊ. पर मुहुर्ताला कसा लावावा? आपला हात न्हाई लागला त्याला.”

बाईंनी फळीवरचा पुडा काढून माझ्या हातात दिला. मी वाचलं, ‘हाताचा स्पर्श नाही.’ एवढ्या मोठ्या अक्षरांत. मला आधी लाज वाटली आणि मग हसूच आलं, असं की आवरेना. काकूंना वाटलं मला काहीतरी झालं.

परतीच्या एसटीत मी त्यांना म्हटलं, तुम्हाला हे एका दिवसात दिसलं आणि आम्ही जन्मभर त्या जात्याला बसून आंधळे. त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, “तुम्ही मधे बसलेल्या असता. मी कडेला उभी असते. कडेवरून सगळ्यांचे चेहरे दिसतात.” त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती.

बाईंसोबत घरी येऊन मी आत्याबाईंना सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा पडला. “मंग काय, बायका घरीच दळून राह्यल्या म्हणजी आपलं कशाला घेतील? खोली देऊन टाका त्यांना.” मलाही तेच दिसत होतं. माल चांगला असून उपयोग नाही, कारण लोकांना तो स्वतः करायचा आहे. संपलंच की मग.

बाई म्हणाल्या, “आत्याबाई, दही लावताना तुम्ही सगळं दूध आंबवता का? एक चमचा विरजण घालता. एवढ्याशा विरजणाने भांडंभर दूध दही होतं ना?”

“होतं.”

“मग थोडी भाजणी दळायची ठेवा. ओंजळभर. वेगळी बांधून द्या. बाकीचा येसर तुमचा, दळलेला. त्यांच्या पाच सवाष्णी ओंजळभर भाजणी घरी जात्यावर दळतील, आणि ती तुमच्या येसरात मिसळतील. झाला की नाही घरचा?”

आत्याबाई उठल्या, ट्रंक उघडली आणि इतक्या वर्षांचे खण खोलीभर पसरले. हिरवे, अंजिरी, जांभळे, काठाचे. एक घेतला, त्यात ओंजळभर भाजणी घातली, वर एक हळकुंड ठेवलं आणि पुरचुंडीला गाठ मारली. ती पुरचुंडी तळहातावर घेऊन त्यांनी मला दाखवली तेव्हा त्यांच्या तोंडावर जे होतं, ते मी विसरणार नाही. “ही मी दिली तर कुणी न्हाई म्हणणार न्हाई,” त्या म्हणाल्या.

राहिला प्रश्न विकायचा कुठे. बाईंनी मला कापडाच्या दुकानाच्या दारात उभं केलं. गादीवर भोकरदनकडचा एक बस्ता चालला होता. पंधरा-वीस माणसं, साड्यांचा ढीग. “लग्न ठरल्यावर लोक पहिल्यांदा कुठे येतात?” त्यांनी विचारलं. “किराणा दुकानात नाही. इथे. तुमचं गिऱ्हाईक रोज तुमच्या सासऱ्यांच्या गादीवर दिवसभर बसून चहा पितं. आणि तुम्ही मागच्या दाराने माल त्याच्या गावाला पाठवता.”

खोली आणि गादी यांच्यात एक भिंत. एवढीच. आम्ही त्या भिंतीच्या अलीकडे बसून गिऱ्हाईक का येत नाही म्हणून रडत होतो. मामंजींना वाटायचं येसर हे बायकांचं काम, मला वाटायचं कापड हे त्यांचं, आणि दोन्हीकडे लग्नघरंच येतात हे घरात एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. आम्ही एकमेकांच्या कामात तोंड घालत नसू. तो आमच्या घरचा मान होता, आणि तोच आमच्या मुळावर आला होता.

मामंजींनी आधी साफ नाही म्हटलं. “कापडाला मसाल्याचा वास लागल. शालू हुंगून घेतात लोकं.” बाईंनी वाद घातला नाही. पीठ डब्यांत भरून मागच्या खोलीतच राहील, दुकानात फक्त पुरचुंड्यांची एक परडी, त्याही खणात बांधलेल्या, असं सांगितलं. मग म्हणाल्या, “शेठ, हे खण तुमच्याच दुकानातून जातील. आणि नाही चाललं तर तुम्हीच आधी ती परडी उचलून टाका.” मी असते तर दहा वाक्यं बोलले असते आणि घरात आठवडाभर अबोला झाला असता. सुनेच्या तोंडून जे भांडण वाटलं असतं, ते बाहेरच्या बाईच्या तोंडून नुसता सौदा वाटला. मामंजींनी परडीला जागा दिली, तीही पार कोपऱ्यात, गाद्यांच्या उशांमागे.

पहिले काही दिवस परडीकडे कुणी बघितलं नाही. मग एका बस्त्यात नवरीच्या आत्याने पुरचुंडी उचलली, हळकुंड बघितलं, आणि हे काय म्हणून विचारलं. मी आतून धावत आले. सांगता सांगता माझी जीभ अडखळत होती. आत्या म्हणाली, “म्हणजी दळायचं आम्हीच?” मी म्हटलं, “तुम्हीच. फक्त ओंजळभर.” ती आपल्या भावजयीकडे वळली, “घे गं. भाजत बसायचं टळलं.” त्या बस्त्याच्या गाठोड्याबरोबर आमचा पहिला डबा गेला.

त्यानंतर बाई दर बुधवारी यायच्या, परडीपाशी उभ्या राहायच्या आणि काहीतरी लहानसंच सांगून जायच्या. डब्यावर नवऱ्या मुलीचं नाव लिहून द्या, भांड्यांच्या दुकानासारखं. लाल ओळ काढून टाका. तिच्या जागी काय लिहू म्हणून माझ्या नवऱ्याने विचारलं तर म्हणाल्या, “काहीच नको. कुणाचा हात लागलाय ते दळणाऱ्या बायकांनाच म्हणू द्या.” नवरा दोन दिवस हिरमुसला होता.

वैशाखात एक दिवस मी खोलीत भाजणी पाखडत होते. पुढच्या दुकानात जाफराबादकडची माणसं आली होती. नवरीचे वडील गादीवर टेकायच्या आधीच मामंजींना विचारत होते, “शेठ, ती खणातली पुरचुंडी तुमच्याकडंच भेटती ना? आमच्या पाहुण्यांकडं आल्ती. बायकांनी सांगितलंय, ती आसंल तिथंच बस्ता बांधा.”

मी सूप हातात धरून भिंतीला कान लावला, आणि बघते तर आत्याबाईही माझ्या शेजारी कान लावून उभ्या. मामंजी म्हणाले, “भेटती. बसा.” मग परडी गाद्यांमागून काढून पुढे ठेवल्याचा आवाज आला. ते पाहुणे गेल्यावर मामंजी खोलीच्या दारात आले. शर्ट-पँटींचे जे दोन खोके त्यांनी आधीच हळूच आणून ठेवले होते, ते त्यांनी स्वतः उचलले. “माळ्यावर ठेवतो. तुम्हाला जागा कमी पडून राह्यली,” एवढंच म्हणाले. आत्याबाई भट्टीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

लग्नसराई संपली. बाई शेवटच्या बुधवारी आल्या तेव्हा मी त्यांना म्हटलं, आता कायमच्या राहा आमच्याकडे. त्यांनी चहा संपवला आणि म्हणाल्या, “मी राहिले तर हळूहळू तुमच्यासारखीच दिसेनाशी होईल मला ती भिंत. मग माझा काय उपयोग? तुमचं चालतंय. मंठ्याला एक चपलांचं दुकान बसलंय, ते बघते.” मी रागावले, अर्थातच. जिने आमची चूल राखली ती बाई चपलांकडे चालली होती. पण पुढे धंदा वाढला, माणसं ठेवली, मी स्वतः चार लोकांना शहाणपण शिकवू लागले, तेव्हा त्यांचं म्हणणं मला पटलं. त्या आमच्यावर अवलंबून नव्हत्या म्हणून खरं बोलू शकल्या. आमच्या घरातल्या मानापमानात त्यांचा वाटा नव्हता म्हणून मामंजींनी त्यांचं ऐकलं. भांड्यांच्या दुकानात शिकलेलं त्यांनी आम्हाला आणून दिलं, आणि आमच्याकडे शिकलेलं कुठेतरी चपलांना दिलं असणार. आणि काम झाल्यावर त्या गेल्या. माणूस वेळेवर यावं हे सगळेच म्हणतात. वेळेवर जाणाराही इतका भला असतो हे मी त्यांच्याकडून शिकले.

माझ्या मुलीचं लग्न ठरलं ते दोन हजार सालानंतर. मामंजी त्याच्या आदल्या वर्षी गेले होते. बाई तोवर औरंगाबादला राहायला गेल्या होत्या. मी स्वतः जाऊन त्यांना आमंत्रण दिलं, येसराच्या मुहूर्तालाच या म्हणून बजावलं. त्या सकाळच्या एसटीने आल्या. ओसरीवर जातं मांडलं होतं, हळकुंड बांधलं होतं. भाजणी आत्याबाईंनी म्हातारपणी, सगळ्यांशी भांडून, स्वतः केली होती.

सवाष्णी बसल्या. मी मान वर करून बघितलं तर दाराच्या चौकटीला टेकून बाई उभ्या होत्या, टेंभुर्णीला उभ्या होत्या तशाच. आणि त्यांच्या शेजारी, आपणहून मागे सरकून, कपाळ मोकळं असलेल्या आत्याबाई. ज्यांनी अर्ध्या जिल्ह्याच्या लग्नांची भाजणी केली त्या, आणि ज्यांनी ती भाजणी वाचवली त्या. दोघी कडेला, एकीच्या खांद्याला दुसरीचा खांदा.

माझं डोकं फिरलं. माझं फिरतंच, पण असं फिरणं बरं असतं. मी म्हटलं, “उठा सगळ्या. धरा जातं.” मला बाईंचा तो कोरणारा माणूस आठवला होता, अंधाऱ्या खोपटातून पायरीवर आणून बसवलेला. माणूस मालापाशी येत नसेल तर माल माणसापाशी न्यायचा. त्यांना बोलावलं असतं तर त्या दोघी नको नको म्हणाल्या असत्या. आम्ही चौघी-पाच जणींनी ते जड जातं ओढत दारापाशी नेलं आणि त्यांच्या पायाशी मांडलं. माझी एक मावससासू पुटपुटली, “आगं, रीत हाय काही.” मी म्हटलं, “मावशी, मुलगी माझी आहे. या दोघींचा हात नाही लागला तर माझ्या घरचा येसर मुहूर्ताला चालणार नाही.”

आत्याबाईंनी माझ्याकडे बघितलं. मग त्या खाली बसल्या, गुडघे दुखत होते म्हणून हळूच. त्यांनी बाईंचा हात धरून त्यांनाही बसवलं आणि त्यांची मूठ खुंट्यावर ठेवली, वर आपली. बाईंनी येसरावर अख्खी लग्नसराई सल्ला दिला होता, पण जात्याला त्यांनी कधी हात लावलेला नव्हता. त्यांना फिरवता येईना. घरघर अडखळत होती. आत्याबाई म्हणाल्या, “सावकाश. जोर न्हाई लावायचा. आसं.” दोन वेढे झाले आणि जात्याच्या कडेने पहिलं पीठ पडलं.

आत्याबाईंनी ते चिमटीत घेऊन बाईंना दाखवलं. “हां,” त्या म्हणाल्या, “आता लागला हात.”